सांबरेकर अण्णांचा उजवा पाय

“ब्रेक नको! ओ पुणेकर, ब्रेक नको! पाय काढा! आधी पाय काढा तिथनं!”

“अण्णा, समोर गाय आहे!”

“गाय उठंल की ओ! तिला चार पाय आहेत. तुम्ही तुमचा एक सांभाळा!”

गाय उठली. का उठली ते मला आजतागायत कळलेलं नाही. बहुधा अण्णांच्या आवाजाने उठली असावी, कारण त्या आवाजाने मारतहळ्ळीच्या पुलाखालची कबुतरं उडाली ती थेट होसूरला जाऊन बसली म्हणतात. आम्ही गाईच्या शेपटीला हवा घालत पुढे सरकलो आणि अण्णांनी खिडकीतून मागे वळून तिला हात जोडले. मला वाटलं, गोमातेला नमस्कार. कसला नमस्कार! “ब्रेक वाचला तिच्यामुळं,” ते म्हणाले. “एक ब्रेक म्हणजे किती पेट्रोल माती होतंय, कळतंय काय तुम्हाला? आधी पेट्रोल जाळून गाडी पळवायची आणि मग पाय दाबून थांबवायची. घरात तूप आणायचं आणि मोरीत ओतायचं, तसलं आहे ते.”

सांबरेकर अण्णांची गाडी मी चालवली ती त्या एका सकाळी, आणि तीही त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला मुंगळा चावला होता म्हणून. त्यानंतर मुंगळा चावो की नाग, अण्णांनी मला चावी दिली नाही. “तुमचा पाय जड आहे ओ,” एवढंच म्हणाले. एखाद्या पोरीला नकार कळवताना पत्रिका जुळत नाही म्हणतात, तितक्या हळुवारपणे म्हणाले.

अण्णा मारतहळ्ळीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे बेळगावकडचे, बेंगळुरात येऊन इतकी वर्षं झाली, की इथले जुने रिक्षावाले त्यांना पत्ता विचारतात. शहराच्या दुसऱ्या टोकाला पीण्या नावाच्या औद्योगिक भागात पुठ्ठ्याचे खोके बनवणारा एक कारखाना आहे, त्याची खरेदी ते बघतात. बायको सुमनअक्का. इथल्याच चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांचं मराठी ऐकताना मध्येच कानडी कधी सुरू झालं ते कळत नाही आणि उप्पिटाची दुसरी वाढ पानात कधी पडली तेही कळत नाही. मी पुण्याचा, आयटीतला, एकटा जीव. माझं ऑफिस पीण्याच्या अलीकडे, त्याच वाटेवर, म्हणून रोज सकाळी अण्णांच्या शेजारी बसून जातो. लोक विचारतात, कॅबने का जात नाहीस, लवकर पोचशील. पोचेन की. पण कॅबमध्ये सांगण्यासारखं काही घडत नाही.

आता गाडी. गाडी लाल आहे. साधी लाल नाही, रागावलेली लाल. आकाराने एवढीशी, पण आतलं इंजीन कुठल्यातरी मोठ्या गाडीचं उचलून कोंबल्यासारखं. मागे दोन जाडजूड नळकांडी, सीटा अशा की बसणाऱ्याला दोन्ही कुशींनी आवळून धरतात. या जातीला हॉट हॅच म्हणतात. बनवणाऱ्यांनी ती घाटातल्या वळणांसाठी, मोकळ्या रस्त्यांसाठी आणि पंचविशीच्या पोरापोरींसाठी बनवली. किल्ली फिरवली की ती असं काही गुरगुरते, की आमच्या सोसायटीतली तीन कुत्री जागच्या जागी शाकाहारी झाली.

ही गाडी अण्णा रोज कामावर नेतात. ताशी चाळीसने. वाघाला रोज सकाळी दळण आणायला पाठवावं, तसं. मी खोटं सांगत नाही, एकदा महादेवपुऱ्याजवळ एका इडलीच्या हातगाडीने आम्हाला डावीकडून मागे टाकलं, आणि जाता जाता हातगाडीवाल्याने चटणी हवी का म्हणून विचारलंसुद्धा.

कारण अण्णांना वेगाशी काही घेणंदेणं नाही. अण्णांना पाहिजे ॲव्हरेज. एका लिटरला किती किलोमीटर, हा एकच प्रश्न घेऊन हा माणूस जगाकडे बघतो. एकदा सिग्नलला शेजारी तसलीच एक निळी गाडी येऊन थांबली. आत गॉगल लावलेला तरुण. त्याने आमच्याकडे बघून इंजीन घुरकावलं, पुन्हा घुरकावलं, म्हणजे लावायची का शर्यत? अण्णांनी शांतपणे काच खाली केली आणि विचारलं, “ॲव्हरेज किती देतंय ओ?” मराठीत विचारलं, मग कानडीत विचारलं, मग इंग्रजीत. “आठ तरी देतंय काय?” पोराने मान खाली घातली. पुढच्या महिन्यात तो मला स्कूटरवर दिसला.

आमच्या भागातल्या देवळाच्या उत्सवात हत्ती आला होता. सगळे लोक हत्तीला केळी देत होते. अण्णा माहुताला बाजूला घेऊन हत्ती दिवसाला किती ऊस खातो आणि किती चालतो ते विचारत होते. उत्तर ऐकून फार कष्टी झाले. “ह्यो परवडत नाही,” म्हणाले.

त्यांचं तत्त्वज्ञान सगळं उजव्या पायात आहे. गाडीत बसायच्या आधी चपला काढून मागे ठेवतात, अनवाणी चालवतात. “पायाखाली मोगरा आहे असं समजायचं, पुणेकर. मोगरा चुरगाळायचा नाही.” एकदा तर अक्कांच्या गजऱ्यातलं फूल खरोखरच ॲक्सिलरेटरवर ठेवून ते पीण्यापर्यंत गेले, फूल डब्यात घालून परत आणलं आणि अक्कांना दाखवलं. जसंच्या तसं! अक्कांनी ते माळलं नाही.

मग बसचं शास्त्र. शहरबसच्या मागे अगदी चिकटून जायचं. बस वारा कापते, आपण तिच्या सावलीत फुकट जातो. शास्त्र बरोबर असेल, पण बस थांब्यावर थांबते. मग आम्हीही थांबायचो. दोनदा लोक आमच्या गाडीत चढले. एका आजींनी माझ्याकडे तिकीट मागितलं. आणि एका सकाळी बोलत बोलत असे काही बसमागे लागलो, की बस डेपोत गेली आणि आम्हीही डेपोत. तिथल्या एका कर्मचाऱ्याने आमची गाडी धुवायला घेतली तेव्हा अण्णांना कळलं.

पेट्रोल भरणं हा तर सोहळाच. तोच पंप, तेच नोझल, त्याच रेघेवर चाक. टाकी भरली की नोझल आपसूक बंद होतं. जगातली माणसं तिथे थांबतात. अण्णा तिथून सुरू होतात. गाडीच्या मागच्या बाजूला धरून ती गदागदा हलवायची, म्हणजे आतली हवा निघते आणि अजून थोडं बसतं. मग पुन्हा हलवायची. मीही दुसऱ्या बाजूने हलवतो. पंपावरची पोरं लांबून गाडी दिसली की ओरडतात, “अल्लाडिसी सर आले रे!” कानडीत अल्लाडिसी म्हणजे हलवा. अण्णांना वाटतं, पोरं आदराने बोलतात.

तुम्ही म्हणाल, हा माणूस चिक्कू. मीही म्हणायचो. पण चिक्कू माणूस पोंगलला वॉचमनच्या पोरांना कपडे करत नाही, आणि शेजारच्या पुणेकराला रोज फुकट नेत नाही. हे काहीतरी वेगळं प्रकरण होतं, आणि ते मला कळायला ती शनिवारची भानगड उभी राहावी लागली.

गाडी मुळात अण्णांची नव्हेच. ती त्यांच्या मुलीची, रेवतीची. एकुलती एक. तिने स्वतःच्या कमाईने घेतली, वर्षभर बेंगळुरात उडवली आणि मग कंपनीने तिला नेदरलँड्सला पाठवलं. तो देश अण्णांना पसंत नाही. “सगळा सपाट आहे म्हणे. उतारच नाही. ॲव्हरेज कसं काढत असतील ओ माणसं?” गाडी वडलांकडे राहिली, आणि दर रविवारी रेवतीचा व्हिडिओ कॉल येतो. अक्का बोलतात ते आईसारखं, जेवलीस का, सर्दी गेली का. मग फोन अण्णांकडे.

“बाबा, कसे आहात?”

“अकरा पॉइंट दोन.”

“तब्येत?”

“मंगळवारी अकरा पॉइंट सहा होतं. पाऊस लागला, उतरलं.”

असं अर्धा तास. बाप-लेक दुसरं अवाक्षर बोलत नाहीत. मी एकदा अक्कांना म्हटलं, अहो, हे दोघं बोलतात काय हे? अक्का म्हणाल्या, “अय्यो, बोलतात तरी की रे. पूर्वी तेवढं पण नव्हतं.”

तर एका रविवारी मी त्यांच्याकडे उप्पीट खात होतो आणि रेवती म्हणाली, “बाबा, गाडीला गिऱ्हाईक मिळालंय. कोरमंगलाचा मुलगा आहे. शनिवारी चावी न्यायला येईल.”

अण्णांचा चमचा हवेत राहिला.

“कशाला गं विकायची?”

“बाबा, ती गाडी रोज कामावर न्यायची नाही. ट्रॅफिकमध्ये दहा-अकरा देते. तुम्हाला एक साधी छोटी गाडी घेऊ. ती वीस देईल. वीस! तुम्हीच नाचाल.”

मला वाटलं, आता अण्णा खरोखर नाचणार. ज्या माणसाने एका दशांशासाठी बसमागून डेपोत मुक्काम केला, त्याला कुणी वीसचं ॲव्हरेज ताटात वाढून देतंय! पण अण्णांचा चेहरा असा झाला, जणू वीस हा आकडा नसून शिवी आहे.

“ही पण देईल,” ते म्हणाले.

“काय देईल?”

“पंधरा.”

“बेंगळुरात? बाबा, या गाडीने बेंगळुरात पंधरा दिलंच तर मी नेदरलँड्सहून चालत येईन.”

“मारतहळ्ळी ते पीण्या, जाऊन येऊन. उद्या टाकी फुल्ल करतो, शुक्रवारी संध्याकाळी परत फुल्ल. मग हिशेब.”

रेवती म्हणाली, “सरी, ठीक आहे. पंधरा आलं तर गाडी राहील. नाही आलं तर शनिवारी चावी द्यायची. तोंड वाकडं न करता. आणि पंच समोरचे पुणेकर. चालेल ना हो?”

उप्पीट तोंडात असल्याने मी मान हलवली. अशा तऱ्हेने माझी बेंगळुरातली पहिली आणि शेवटची सरकारी नेमणूक झाली.

सोमवारी टाकी भरली. आम्ही दोघांनी गाडी इतकी हलवली, की पंपाच्या मालकाला भूकंप वाटून तो बाहेर पळत आला. आणि मग जो आठवडा गेला, तो मी शत्रूवरही आणणार नाही. मार्च महिना, ऊन भाजून काढणारं. एसी अर्थातच बंद. काचाही बंद, कारण उघड्या काचेतून वारा आत शिरतो आणि गाडीला मागे ओढतो. आत आम्ही दोघं. मी पुण्यात उन्हाळे काढलेला माणूस, पण तिसऱ्या दिवशी माझ्या खिशातलं पेन वितळून शर्टावर सही करून गेलं. अण्णा मात्र हिमालयात बसल्यासारखे. घाम नाकाच्या टोकावरून टपटप पडायचा आणि ते म्हणायचे, “बघा की, घाम गेला की वजन पण उतरतंय.”

वजन! मंगळवारी त्यांनी गाडीतले मॅट काढले. बुधवारी मागचा पडदा, जॅक, पान्ह्यांची पिशवी, छत्री. मला म्हणाले, “नाष्टा करून आलासा काय?” मी हो म्हटलं, तर त्यांनी असा निःश्वास सोडला की मी उद्यापासून उपाशी येतो म्हणून शब्द देऊन बसलो. माझा लॅपटॉप हातात घेऊन त्यांनी त्याचा अंदाज घेतला आणि विचारलं, “हा घरी ठेवून चालत नाही काय?” डॅशबोर्डवरचा गणपती तेवढा राहिला. त्याला हात लावायची गोष्टच निघाली नाही. टायरांत हवा इतकी भरली, की बोटाने टिचकी मारली तर चाक तबल्यासारखं बोलायचं. कडक टायर हलका पळतो, हेही शास्त्रच.

गुरुवारी संध्याकाळी हिशेब अगदी काठावर होता. डॅशबोर्डच्या पडद्यावर गाडीचं स्वतःचं मत दिसतं, ते चौदा पॉइंट आठ म्हणत होतं. अण्णांनी गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या आणि अजून काय काढता येईल ते शोधलं. मग डिकीचा तळ उचलला आणि स्टेपनी बाहेर घेतली.

“अय्यो!” अक्का गॅलरीतून ओरडल्या. “पंक्चर झालं तर?”

“एका दिवसात कुठलं होतंय ते पंक्चर!”

स्टेपनी वर गेली. अक्कांनी तिच्यावर कागद टाकून ताकातल्या मिरच्या वाळत घातल्या.

शुक्रवार उजाडला तो देवाने मुद्दाम घडवल्यासारखा. टिन फॅक्टरीचा सिग्नल, ज्याच्यावर लोकांच्या मुंजी होतात, तो आम्हाला हिरवा मिळाला. हेब्बाळचा पूल असा मोकळा, की मला सुट्टीचा दिवस आहे की काय शंका आली. पुलाच्या उतारावरून अण्णा पाय उचलून जे सुटले, ते गाडी नव्हे, सरोवरातलं बदक. पडद्यावर आकडा हलला. चौदा पॉइंट नऊ. मग पंधरा. मग पंधरा पॉइंट एक. अण्णा गुणगुणायला लागले. आयुष्यात मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मी श्वास घेणंही कमी केलं, न जाणो, त्याचंही वजन पडायचं.

गोरगुंटेपाळ्याच्या अलीकडे खड्डा होता. तो मला दिसला. अण्णांनाही दिसला. खड्ड्यालाही आम्ही दिसलो असणार, कारण तो तोंड वासूनच बसला होता. उजवीकडे लॉरी, डावीकडे रिक्षा. ब्रेक, फक्त एक ब्रेक. मी माझ्या बाजूला नसलेला ब्रेक दोन्ही पायांनी दाबला. अण्णांचा पाय वर आला, ब्रेकपर्यंत गेला आणि तिथेच मोगऱ्यासारखा तरंगत राहिला.

धाड!

तबल्याचं पान फाटावं तसा टायर फुटला. आवाज असा झाला, की पीण्यातल्या दोन कारखान्यांनी भोंगा झाला समजून पाळी सोडली. गाडी लंगडत कडेला गेली. उतरून बघतो तो टायरची कड हातभर चिरलेली. पंक्चर नव्हे, काढायला-जोडायला काही उरलंच नव्हतं. आणि स्टेपनी मारतहळ्ळीला, मिरच्यांखाली.

मी गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकवाल्याला फोन लावला. येतो म्हणाला, ‘स्वल्प’ वेळ लागेल. बेंगळुरात स्वल्प म्हणजे थोडं, आणि थोडं म्हणजे किती ते ज्याचं त्याने ठरवायचं. आम्ही गाडीत बसून राहिलो. दारं उघडी. अण्णा समोर बघत होते. त्या पडद्यावर अजून पंधरा पॉइंट एक दिसत होतं.

“अण्णा,” मी म्हटलं, “पंच मी आहे. मी सांगतो पंधरा आलं. अहो, मी अठरासुद्धा सांगीन. मला ते जमतं.”

“माहिती आहे की तुम्हाला जमतंय,” ते म्हणाले. “पण नको. टाकी भरली नाही, हिशेब झाला नाही. द्यायची चावी.”

तेव्हा पहिल्यांदाच मी त्यांच्याकडे नीट बघितलं. उंच माणूस, आणि स्टिअरिंगच्या मागे असा घडी घालून बसलेला, की गुडघे दोन्हीकडून चाकाला टेकलेले. इतके महिने मी हे बघत होतो आणि त्यातही काही पेट्रोलचं शास्त्र असेल असं धरून चाललो होतो.

“अण्णा, आता तरी सीट मागे घ्या. पाय मोकळे करा.”

“नको ओ. तिची बसवलेली आहे.”

“कुणाची?”

“रेवतीची. ती बुटकी आहे, आईवर गेली. तिनं तिच्या मापानं बसवलेली. मागं घेतली की ती खूण गेली. परत आली म्हणजे परत शोधत बसायला नको तिला.”

मी वर आरशाकडे बघितलं. आरसाही खाली झुकलेला होता.

“आणि आरसा?”

“तो पण तिचाच.”

“म्हणजे तुम्हाला मागचं काही दिसतच नाही?”

“मागचे सगळे पुढं जातात की ओ,” अण्णा म्हणाले. “पुढं गेले की दिसतात.”

एरवी मी हसून हसून दाराबाहेर पडलो असतो. त्या वेळी मी पुढे होऊन आरशावरची धूळ बाहीने पुसली, त्याला न हलवता. वीस देणाऱ्या साध्या गाडीत रेवतीच्या मापाची सीट नव्हती. एवढंच होतं ते सगळं.

इतक्यात अण्णांचा फोन वाजला. रेवती. रविवार नव्हता. अण्णांनी फोन असा धरला, जणू चुकीच्या दिवशी वाजला म्हणजे तो बिघडलाच असावा.

“बाबा! काय झालं? गोरगुंटेपाळ्याला का थांबलाय? बरे आहात ना?”

अण्णांनी आधी फोनकडे, मग माझ्याकडे, मग आभाळाकडे बघितलं. “तुला कसं कळलं?”

“गाडी दिसते माझ्या फोनवर. ॲपमध्ये. आधी सांगा, लागलं नाही ना कुणाला?”

“नाही गं. टायर गेला. पुणेकर आहेत बरोबर.”

“मी बरी आहे,” मी घाईघाईने ओरडलो. घाबरलो की माझं व्याकरण जातं.

पलीकडे रेवतीने श्वास सोडला तो आम्हाला ऐकू आला. मग सूर बदलला. “इथं अजून उजाडलेलं नाही बाबा. रोज मी डोळे उघडले की आधी हेच बघते. ठिपका हेब्बाळला आला, ठिपका पीण्याला पोचला. पोचला की मग मी चहा ठेवते. आज ठिपका हलेचना.”

अण्णांनी फोन दोन्ही हातांत धरला.

“आणि त्यात गाडीच्या आतलं टेंपरेचरपण दिसतं. या आठवड्यात रोज एकोणचाळीस, चाळीस! तुम्ही ऑफिसला जाता की इडल्या उकडता? म्हणून तर विका म्हणत होते मी. तुम्ही त्या गाडीपायी स्वतःचे हाल करून घेताय, आणि मी इथं बसून बघतेय.”

“पंधरा पॉइंट एक आलं होतं,” अण्णा हळूच म्हणाले. “पण टाकी भरली नाही. हिशेब झाला नाही. मी चावी देतो त्या पोराला.”

“पंच काय म्हणतात?”

अण्णांनी फोन माझ्यासमोर धरला. हा माझ्या कारकिर्दीतला एकमेव निकाल होता. मी घसा साफ केला. “सामना टायर फुटल्यामुळे रद्द,” मी म्हटलं. “कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही.”

“मग नवी पैज,” रेवती म्हणाली. “बाबा, एसी लावायचा. रोज. मला इथं पंचवीस दिसलं पाहिजे. ज्या दिवशी तीस दिसेल, त्या दिवशी गाडी विकली. कोरमंगलाच्या पोराला मी आत्ता नाही म्हणून कळवते. सरी?”

अण्णांनी मान हलवली. ती तिला कशी दिसणार? मी म्हटलं, “सरी म्हणतात.”

“आणि मे महिन्यात मी येतेय. सुट्टी मंजूर झाली कालच. रविवारी सांगणार होते. पहिल्या सकाळी नंदी हिल्सला जायचं. गाडी मी चालवणार, तुम्ही शेजारी बसायचं आणि ओरडायचं नाही.”

फोन बंद झाला. अण्णांनी तो खिशात घातला, परत काढला, स्क्रीन शर्टाला पुसली आणि परत घातला. मग इंजीन चालू केलं आणि हात लांब करून एसीचं बटण दाबलं. गाडी उभी, टायर फाटलेला, दोन्ही दारं सताड उघडी, आणि आम्ही गोरगुंटेपाळ्याच्या अख्ख्या चौकाला थंड हवा देत बसलो. एक रिक्षावाला मुद्दाम जवळ येऊन थांबला.

मला राहवेना. मी माणूसच तसा.

“अण्णा, नंदी हिल्स! सगळा चढ. आणि रेवती चालवणार म्हणजे मोगरा-बिगरा नाही, पाय थेट तळाला. वर एसी. सात येईल ॲव्हरेज, सात! कदाचित सहा!”

ट्रक लांबून येताना दिसत होता. अण्णांनी खाली उतरून चपला घातल्या.

“येऊ दे की,” ते म्हणाले.